पहिली वाकळ शिवायचीय? मग आधी दुपटं शिवा

गोधडी शिवायला शिकायचंय असं म्हणत जी कुणी माझ्याकडे येते ती मोबाईलवर एक फोटो घेऊनच येते, मधोमध मोर, चारी कोपऱ्यात कमळं, कडेनं त्रिकोणांची रांग, आणि म्हणते हे असं करायचंय पहिल्यांदा. मी फोटो बघते, छान आहे म्हणते, आणि तिला सांगते की आधी एक दुपटं शिव. म्हणजे बाळाला गुंडाळतात ते. तोंड पडतं बऱ्याच जणींचं. पण माझंही पडलं होतं आत्तीनं मला हेच सांगितलं तेव्हा.

आत्ती म्हणजे माझी आत्या, सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या पुढं तिचं गाव, आणि तिकडं गोधडी कुणी म्हणत नाही, वाकळच म्हणतात. मी पुण्यात राहून गोधडी म्हणायला लागले ते तिला अजून खटकतं. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा वहीत ग्राफ काढून नक्षी नेली होती, रंगीत पेन्सिलींनी रंगवून. तिनं वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "आगं ही वरची झाली. वाकळ वरनं नसती, आतनं बसाय लागती." मला तेव्हा काही कळलं नाही. पहिली वाकळ बिघडली तेव्हा कळलं, ते पुढं सांगते.

तर नक्षी कुणालाही जमते, चौकोन कापायचे आणि जोडायचे, शाळेत कागदाचं करतो तसंच. अवघड काय आहे तर तीन-चार-पाच थर एकमेकांवर असे बसवायचे की शेवटपर्यंत एकही सरकला नाही पाहिजे. म्हणून दुपटं, तीनच थर, आकार लहान, चुकलं तरी जीव जात नाही. खाली सगळी मापं दुपट्याची देतेय, मोठ्या वाकळेचा हिशोब शेवटी आहे.

कापड

नवीन कापड विकत आणू नका. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही (तीही आहेच), नवीन कापडाला खळ असते, ते धुतल्यावर आटतं, आणि कडक असल्यामुळे हातानं टाका घालताना सुई अडकते. वीस वर्षं नेसलेली, शंभर वेळा धुतलेली सुती साडी जेवढी आटायची तेवढी आटून गेलेली असते आणि सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. आईची, सासूची, आजीची, शेजारच्या काकूंची, कुणाचीही चालेल, मागायला लाजू नका, लोकांकडे कपाटं भरून पडलीयेत आणि भांडी देणाऱ्या बाया आता पूर्वीसारख्या येत नाहीत.

साडी सुतीच आहे का ते बघायचं असेल तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत चुरडल्यावर राख झाली तर सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, ती बाजूला ठेवा. बाळाच्या दुपट्यात तर नकोच, घाम शोषत नाही. हे गॅसपाशी करू नका, मोरीत किंवा बेसिनमध्ये करा, मी ओट्यावर करून ओटा डागाळून घेतलाय.

मग साडी उजेडासमोर धरायची. खिडकीत, दोन्ही हातांनी ताणून. जिथं जाळीसारखं दिसतं तिथं ती विरलीय, आणि बऱ्याचदा साडी ठराविक जागीच विरते, निऱ्या जिथं पायात येतात तिथं, आणि नऊवारी असेल तर मागं कासोट्याला. तो भाग कापून टाका, जीव अडकवून घेऊ नका त्यात. विरलेलं कापड मधल्या थराला एकवेळ चालतं पण वर आणि खाली अजिबात नाही, पहिल्या धुण्यात टाक्याच्या भोकापासून फाटत जातं.

रंगाचं बघा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. लाल, मरून, गडद निळा, काळा, या रंगांच्या साड्या जुन्या असल्या तरी रंग सोडतात कधीकधी. पांढरं फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळून साडीवर घासायचं, फडक्याला रंग आला तर ती साडी दोन-तीनदा वेगळी धुवा आणि परत बघा, तरीही आला तर पांढऱ्याशेजारी लावू नका. आणि हीच परीक्षा दोऱ्याची पण करा! मी पेठेतल्या एका दुकानातून लाल दोऱ्याची रिळं आणली होती, दुकानदार छातीठोकपणे म्हणाला रंग जाणार नाही ताई, आणि पांढऱ्या धोतराच्या अस्तरावर माझ्या टाक्या-टाक्याला गुलाबी ठिपका. आख्खी धावदोऱ्याची नक्षी गुलाबी धुक्यात गेली. आता मी दोरा कपभर गरम पाण्यात रात्रभर भिजवते आणि मगच वापरते.

इरकलीचा पदर दिसायला अप्रतिम, सगळ्यांना तोच लावायचा असतो. पण पारंपरिक इरकलीत पदर रेशमी आणि अंग सुती असतं, रेशीम घसरतं, सुताबरोबर सारखं आटत नाही, तेव्हा पहिल्या कामात नको. खणाचंही तसंच, कापला की दशा निघायला लागतात, हातात घेईपर्यंत अर्धा इंच गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाकळेला वापरा.

बाकी सामान थोडंच आहे. जरा जाडसर सुती दोरा, लांब आणि मोठ्या नेढ्याची सुई (एक नाही, चार-पाच आणा, मोडतात), कात्री, टेलरचा खडू, पुठ्ठा, मेणाचा तुकडा आणि अंगुस्तान. अंगुस्तान बोटात घालून काम करायला पहिले दोन दिवस वैताग येतो, नंतर त्याशिवाय सुई हातात धरवत नाही. आत्ती घालत नाही, तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय तेच तिचं अंगुस्तान.

नक्षी, म्हणजे वरचा थर

दुपट्याचं माप तयार झाल्यावर, गोट (कडेनं लावतात ती पट्टी) सोडून, ३५ इंच बाय ४५ इंच. त्यात चारी बाजूंनी ५ इंचांची किनार, आणि आतमध्ये ५ इंची चौकोन, आडवे ५ आणि उभे ७, म्हणजे ३५ चौकोन. १८ गडद, १७ फिकट, बुद्धिबळाच्या पटासारखे. कोपऱ्यात गडद घेतला की चारही कोपरे गडद येतात आणि दुपटं उठून दिसतं.

कापताना मात्र चौकोन ६ इंची कापायचा, कारण चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिलाईत जातो. नेटवर सगळीकडे पाव इंच सांगतात, ते नवीन घट्ट विणीच्या कापडाला ठीक आहे, जुन्या साडीला पाव इंच ठेवलात तर दशा निघून शिलाईच सुटेल. पुठ्ठ्याचा ६ इंची चौकोन कापून घ्या, त्याच्या आत ५ इंचांचा चौकोन कापून खिडकी करा, म्हणजे बाहेरून कापायची रेघ आणि आतून शिलाईची रेघ एकाच वेळी मारता येते. आणि पुठ्ठा कापडाच्या सुतात ठेवा, उभ्या-आडव्या धाग्याला धरून. साडीवरचं डिझाईन सरळ दिसतंय म्हणून त्याला धरून कापू नका, छापाची साडी असेल तर छाप तिरका असू शकतो.

त्रिकोण हवेच असतील (हवेच असतात मला माहितीये) तर गडद आणि फिकट असा एकेक चौकोन पावणेसात इंची कापा, दोन्ही चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकदाच तिरके कापा, आणि गडद अर्धा फिकट अर्ध्याला अर्धा इंच आत जोडा. तो सपाट केला की बरोबर ६ इंची चौकोन मिळतो आणि बाकीच्यांत बसतो. असे चार चौकोन टोकं आत करून जोडले तर भिंगरी, मधला एक आणि भोवती आठ असे लावले तर चांदणी. पण त्रिकोणाची तिरकी कड म्हणजे उरेब कापड, ते रबरासारखं ताणतं. ती कड बोटांनी ओढू नका, इस्त्री फिरवू नका, वरून दाबून उचला फक्त. माझ्या पहिल्या चांदणीचा एक हात दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच लांब आहे, केवळ इस्त्रीमुळे.

चौकोन आधी जमिनीवर मांडा, उभं राहून बघा, फोटो काढा, एक रात्र तसेच राहू द्या. हे रात्र राहू देणं मी उगाच म्हणत नाही, सकाळी उठल्यावर जो तुकडा डोळ्यात खुपतो तो खरंच चुकीचा असतो. मग आडव्या रांगा जोडायच्या, सात रांगा होतील, आणि नंतर रांगेला रांग. मशीनवर टीप मारली तरी चालेल का असं सगळ्याजणी विचारतात. चालेल हो. वरचा थर जोडायला मशीन घ्या, कुणी पोलीस येत नाही. आत्तीच्या गावात पण जिच्याकडे मशीन आहे ती मशीनवरच जोडते. थर एकत्र शिवायचे मात्र हातानं, तिथं मशीन नको, दाबाखाली वरचा थर पुढं सरकत जातो आणि मधे चुण्या पडतात.

चौकोनांच्या भोवती किनार. साडीचे काठ ६ इंच रुंद कापून घ्यायचे, आधी लांब बाजूंना लावू नका, वर-खाली २६-२६ इंचांच्या पट्ट्या लावा, मग बाजूला ४६-४६ च्या. काठाची नक्षी बाहेरच्या कडेला येईल असं बघा. सगळं होऊन वरचा थर ३६ बाय ४६ चा होईल, उरलेला अर्धा-अर्धा इंच गोटात जाणार आहे.

थर लावणं

आता खरं काम. अस्तर आणि मधला थर दोन्ही ३७ बाय ४७ कापा, वरच्यापेक्षा इंचभर मोठे. साडीचा पन्हा (रुंदी) साधारण ४५ इंच असतो, तेव्हा ४७ ची बाजू साडीच्या लांबीत घ्या आणि ३७ पन्ह्यात, म्हणजे ८ इंचांची काठाची पट्टी उरते आणि ती वरच्या किनारीला कामाला येते. सहावारी साडी २१६ इंच असते, त्यातले दोन थरांना ९४ गेले, बाकीच्यात चौकोन निघतात. एका चांगल्या साडीत आणि एखाद्या जुन्या ओढणीत आख्खं दुपटं होतं.

जमिनीवर काम करा. पलंगावर, गादीवर, सोफ्यावर नाही. फरशी पुसून कोरडी करा आणि अस्तर उलटी बाजू वर करून पसरा, मग ओला हात करून मधून कडेकडे फिरवा. ओल्या हातानं सुती कापड फरशीला चिकटल्यासारखं बसतं, ही आत्तीची युक्ती, ती सारवलेल्या जमिनीवर करते, पण फरशीवर तर जास्तच छान होतं. ताणायचं नाही. सपाट करायचं. दोन्हीत फरक आहे आणि तो शब्दात सांगता येत नाही, ताणलेलं कापड वजन काढलं की परत आखडतं, सपाट केलेलं तसंच राहतं, करून बघा एकदा म्हणजे कळेल. चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे वरवंटा, दोन विटा आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी.

त्यावर मधला थर, परत ओला हात. जोड असलेलं कापड मधल्या थरात घालताना जोड एकावर एक येऊ देऊ नका, तिथं सुई जाणार नाही. त्यावर वरचा थर, नक्षी वर. मग अर्धा तास पूर्ण वाळू द्या, चहा प्या.

आणि आता कच्चे टाके. हे मी पहिल्या वेळी केले नव्हते. टाचण्या लावल्या होत्या भरपूर, वाटलं बास झालं की. आपली वाकळ कशी शिवतात तर बाहेरच्या कडेपासून सुरू करून चारी बाजूंनी गोल गोल आत यायचं, चौकोनात चौकोन, शेवट मधोमध. आता विचार करा, कडेपासून आत यायचं म्हणजे प्रत्येक फेरीला वरचा थर थोडा थोडा आत ढकलला जातो, दोऱ्याएवढा, केसाएवढा, आणि ते सगळं साठत साठत मध्यावर येतं. माझ्या पहिल्या वाकळेच्या मधोमध मुठीएवढा फुगा आला होता, बरोबर चांदणीवर. वर फुगा आणि खाली अस्तर ताणलेलं. मी ओढून ओढून बसवायला गेले तर चुण्या. आत्तीनं पाहिलं, हसली नाही, कात्रीनं दोरा कापला आणि म्हणाली, "पार कडंपातूर उसव." दीड आठवड्याचं काम होतं ते.

तर कच्चे टाके मध्यापासून. मध्यापासून वर, मध्यापासून खाली, मध्यापासून डावीकडे, उजवीकडे, मग चारी कोपऱ्यांकडे तिरके, आणि मग मधल्या मोकळ्या जागी वीत-वीत अंतरावर. टाके लांब, दोन-तीन बोटांचे, दोरा भडक रंगाचा म्हणजे नंतर काढताना दिसतो. गाठ मारायची नाही, शेपूट सोडायचं. यात तास-दीड तास जातो आणि कंटाळा येतो, पण हेच ते "आतनं बसणं". थर मध्यापासून बाहेर बांधून घेतला की मग बाहेरून आत शिवत आलात तरी ढकलायला मोकळं कापडच उरत नाही.

मग कडा सारख्या कापून गोट लावायचा. काठाची किंवा एकरंगी कापडाची अडीच इंच पट्टी, लांबीत दुमडून, वरून अर्धा इंचावर शिवायची आणि मागं वळवून हेम. कोपऱ्यात पट्टी कापू नका, घडी घालून वळवा. गोटाच्या आत त्रिकोणी घड्यांची कातरबोणं पण लावतात, फार गोड दिसतं, पण रात्री बाळाच्या हातात येतं आणि ते चोखतं, सो बाळाच्या दुपट्याला साधाच गोट बरा. टिकल्या, आरसे, बटणं तर अर्थातच नाही. आणि दुपटं लहान बाळाखाली अंथरायला वापरा, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं पांघरू नका.

धावदोरा

सुईत दोरा हातभर. जास्त नाही. मी पहिल्या दिवशी सारखं ओवायला नको म्हणून तीन हात घेतला होता तर आत्ती म्हणाली "लांब दोरा घिऊन बाजारला निघालीस व्हय", आणि खरंच दहाव्या टाक्याला गाठ पडली. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या, पीळ बसतो आणि गुंता कमी होतो. एकेरी दोरा, शेवटाला छोटी गाठ, सुई कडेपासून दोन बोटं अलीकडे फक्त वरच्या थरातून घालून पाहिजे तिथं बाहेर काढायची आणि हलका हिसका द्यायचा, टप्प असा आवाज येतो आणि गाठ आत जाते. तो आवाज ऐकायला मला अजून आवडतो.

पहिली फेरी गोटाला लागून. उजवा हात वर, डावा हात दुपट्याखाली. डाव्या हाताच्या बोटाला सुईचं टोक लागलं की समजायचं सगळे थर घेतले, तिथून टोक परत वर. आत्तीचा हात जवळून बघितला तर सुई हलतच नाही, ती फक्त वरखाली डोलते आणि कापडच तिच्यावर चढत जातं, खालचं बोट कापड उचलतं, वरचा अंगठा पुढं दाबतो, चार-पाच टाके सुईवर भरले की मग एकदम ओढायची. ओढल्यावर ती अंगठ्याच्या नखानं शिवलेल्या ओळीवरून एकदा मागं एकदा पुढं घासते. त्या घासण्यानं दोऱ्याची ओढ सगळ्या टाक्यांत सारखी वाटली जाते. हे नाही केलं तर एक टाका सैल एक घट्ट, आणि धुतल्यावर घट्ट दोरा तुटतो. मी सहा महिने तिच्या सुईकडे बघत होते, बघायला पाहिजे होतं अंगठ्याकडे.

टाका वर तांदळाच्या दाण्याएवढा, इंचात चार धरा. ओळी-ओळीत अंतर एक बोट, म्हणजे साधारण पाऊण इंच. फेरी पूर्ण होऊन सुरुवातीपाशी आलात की दोरा तोडायचा नाही, एक बोट आत सरकून पुढची फेरी. कोपऱ्यात गोल वळू नका, कोपऱ्याच्या टोकावर सुई खाली घालून वर काढा आणि काटकोनात वळा, नाहीतर आठ-दहा फेऱ्यांनी चौकोनाचं बटाट्यासारखं होतं. अशा २३-एक फेऱ्या होतील. हिशोब केला तर एवढ्या दुपट्याला २,१०० इंच ओळ लागते, म्हणजे ५८ वार, आणि साधारण ८,४०० टाके. घाबरायचं कारण नाही, रोज टीव्हीसमोर तासभर बसलात तर तीन-चार आठवड्यांत होतं, माझं पहिलं दुपटं मात्र अडीच महिने चाललं होतं आणि ज्या बाळासाठी शिवलं ते तोवर पालथं पडायला लागलं होतं.

दर दोन फेऱ्यांनी दुपटं उलटं करून अस्तर बघा. चुणी दिसली तर तेवढी ओळ लगेच उसवा. लगेच. पुढं सरळ होईल असं कधीही होत नाही. वरच्या थरात सुईपुढं कापडाची लाट जमायला लागली तर ओल्या हातानं ती मध्याकडे न ढकलता ओळीच्या मागं, शिवलेल्या बाजूला पसरायचा प्रयत्न करा, आणि टाके जरा बारीक घ्या. दोरा संपत आला की एक उलटी टीप घेऊन सुई थरांच्या आतून इंचभर नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडाला टेकवून कापा.

नक्षीच्या चौकोनांच्या ओळी आणि धावदोऱ्याच्या ओळी जुळल्या पाहिजेत का? नाही. नाही जुळत, आणि त्यातच मजा आहे. वर रंगांचे चौकोन एका चालीनं चाललेत आणि त्यांच्यावरून टाक्यांची फेरी दुसऱ्याच चालीनं आत येतीये. काही जणी हल्ली चौकोनाच्या कडेकडेनं शिवतात, छान दिसतं, पण मग मधे मोठी जागा मोकळी राहते आणि जुनं मऊ कापड आत गोळा होतं.

थोडं विषयांतर. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी लोक राहतात, आफ्रिकन वंशाचे, त्यातले बरेच कोकणी बोलतात आणि पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून तिकडं गेलेल्यांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांची कवंदी बघितलीत तर आपल्या वाकळेची बहीण वाटेल, तीही कडेपासून गोल आत येते, पण त्या आधी वरचा थर जोडून घेतच नाहीत, अस्तरावरच कोपऱ्यातून सुरुवात करून एकेक तुकडा दुमडून ठेवत, शिवत, आत येतात. म्हणजे फुगा यायचा प्रश्नच मिटला, कारण वरचा थर असतोच कुठं आधीपासून! आणि चारी कोपऱ्यांना घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. ज्यांना माप, पुठ्ठा, खडू या सगळ्याचा वैताग येतो त्यांनी दुसरं दुपटं या रीतीनं करून बघा, हात मोकळा होतो. आपल्याकडे सुद्धा मापाच्या भानगडीत न पडता मिळेल ते ठिगळ लावत जाणारी वाकळ आहेच, गाडगेबाबा अंगावर असलंच ठिगळाचं पांघरायचे म्हणून त्यांना कुठं गोधडे महाराज तर कुठं चिंधेबुवा म्हणायचे.

सगळ्या फेऱ्या झाल्या की कच्चे टाके काढा, आणि गार पाण्यात, साध्या साबणात, एकटंच धुवा. पिळू नका, गुंडाळून दाबा. सावलीत आडवं वाळवा. वाळल्यावर टाक्यांच्या मधे बारीक बारीक फुगवटे येतात, पाण्यावर वारा आल्यासारखे, तेच हवं असतं, त्याला इस्त्री करू नका कृपा करून.

मोठी वाकळ

एका माणसाची वाकळ साडीच्या पन्ह्याएवढीच धरा, ४५ बाय ८५ इंच. तेच ५ इंची चौकोन, आडवे ७ उभे १५, म्हणजे १०५, भोवती तीच ५ इंची किनार. नऊवारी ३२४ इंच असते, तिच्यात ८५ चे तीन थर निघून ६९ इंच उरतात आणि विरलेला भाग त्यात जातो. सहावारीत दोन थर निघतात. एक नऊवारी आणि एक सहावारी म्हणजे आतले-खालचे मिळून पाच थर, पुण्याच्या थंडीला तीनच पुरतात खरं तर. फक्त पन्हा नेमका ४५ असल्यामुळे इथं इंचभर जास्तीचं कापड मिळत नाही, तेव्हा वरचा थर त्यावर मधोमध बसवा आणि कडा जुळवून गोट लावा, माप इंचभर कमी येईल, येऊ दे. ओळ १४० वार, दोरा १५० मीटरच्या आसपास, टाके २० हजार. मला पंचवीस-तीस तास लागतात, पहिल्यांदा करणारीला दुप्पट. उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात मांडीवर एवढं कापड घेऊन बसवत नाही आणि धुतलेलं वाळतही नाही. आत्तीकडे पण शेतातली कामं उरकली की चैत्र-वैशाखातच वाकळा निघतात, दोघी-तिघी एकाच वाकळेच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात, आणि प्रत्येकीचा टाका ओळखू येतो.

आणि घरात जुनी फाटकी वाकळ असेल तर ती टाकू नका, तीच मधला थर म्हणून घाला. मी आजीची एक वाकळ गेल्या वर्षी अशी घ्यायला काढली, वरचा थर पार गेला होता म्हणून उसवला, तर आत आणखी एक वाकळ. बारीक टाके, निळ्या दोऱ्यातले. आत्तीला फोटो पाठवला तर तिलाही सांगता आलं नाही ते टाके कुणाचे, तिच्या आईचे नाहीत एवढं म्हणाली, आईचा टाका मोठा होता. ती तशीच आत ठेवली आणि वर नवा थर चढवलाय, अर्धं शिवून झालंय. फक्त एवढ्या थरांना दुपट्याची सुई चालत नाही, जाड घ्या आणि टाके एकेकच काढा, सुईवर चार-चार भरायला जाऊ नका, माझ्या आत्तापर्यंत तीन मोडल्यात.